सोलापुरातून समुद्रातल्या पॉवरबोट शर्यतीकडे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही चार-पाच जण परवानगी काढून अधूनमधून रविवारी उजनी धरणात एक छोटी फायबरची बोट उतरवतो. त्याचे फोटो बघून कॉलेजची पोरं विचारतात, त्यांचे वडील विचारतात, एकदा एका मुलीच्या आजीनं फोन करून तासभर विचारलं. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं इथं लिहून ठेवतोय. मी स्वतः शर्यतीत तीनदाच उतरलोय, तिन्ही वेळा आखाती देशात आणि दुसऱ्याच्या बोटीत. तेव्हा हे सगळं नवख्यांसाठीच आहे, विजेतेपदाच्या गोष्टी इथं मिळणार नाहीत.

१. ऑफशोअर पॉवरबोट रेसिंग म्हणजे नेमकं काय? तलावातल्या शर्यतीपेक्षा त्यात वेगळं काय असतं?

किनारा सोडून उघड्या समुद्रात इंजिनाच्या बोटींची शर्यत. तलावात किंवा बंदराच्या आत होणाऱ्या सर्किट शर्यतीत पाणी बऱ्यापैकी सपाट असतं आणि वळणं घट्ट असतात. समुद्रात वळणं कमी, पण पाणी दर मिनिटाला बदलतं. अमेरिकेत मायामी ते नासाऊ ही शर्यत १९५६ साली सुरू झाली आणि तिच्यावरून १९६१ मध्ये इंग्लंडची काउज ते टॉर्की शर्यत आली. हौशी माणसं समुद्रात वेगानं जाऊ लागली ती साधारण तिथून.

या खेळाला खरं वळण दिलं ते बोटीच्या तळानं. १९६० च्या मायामी-नासाऊ शर्यतीत रिचर्ड बर्ट्राम यांची ‘मोपी’ खवळलेल्या समुद्रातून पहिली आली. तिचा तळ रेमंड हंट यांनी आखला होता, पुढपासून मागपर्यंत खोल ‘व्ही’ आकाराचा. सपाट तळाची बोट लाटेवर आपटते, खोल व्ही लाट कापत जाते. आजही तुमची पहिली समुद्री बोट बहुधा याच तळाची असेल.

जागतिक पातळीवर नियम करते ती यूआयएम, म्हणजे युनियन इंटरनॅशनल मोटोनॉटिक. ती १९२२ पासून आहे आणि तिचं मुख्यालय मोनॅकोत आहे. वरच्या टोकाला क्लास वन: दोन इंजिनं, जोडतळी बोट (शेजारी-शेजारी दोन अरुंद तळ असलेली), ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास वेग. खालच्या टोकाला काय आहे, ते प्रश्न ९ मध्ये.

२. सोलापुरात समुद्रच नाही. मग इथं राहून सुरुवात होते तरी का?

होते. पहिल्या वर्षात शिकायच्या बहुतेक गोष्टींना समुद्र लागत नाही: पोहणं, गाठी, इंजिन, नकाशा, भरती-ओहोटीचं गणित, वायरलेसवर बोलणं. उरलेल्यासाठी रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेसनं निघालं की सकाळी मुंबईत उतरता येतं. गोव्याला गाडीनं एक दिवस जातो. महिन्यातून एकदा समुद्र आणि बाकीचे रविवार उजनी, असं वर्षभर नेमानं केलं तर बोटीत बसण्याजोगे व्हाल. शर्यतीत जाण्याजोगं व्हायला त्याहून बराच वेळ लागतो.

समुद्रकाठच्या पोराला भरती न शिकता कळते, आपल्याला ती पाठ करावी लागते. मुंबईत उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटीच्या पाण्यात पाच मीटरच्या आसपास फरक पडतो. सकाळी जिथून आरामात गेलात, तिथंच दुपारी खडक वर आलेला असतो.

३. मला नीट पोहता येत नाही. लाइफ जॅकेट असतंच की, चालेल ना?

नाही चालणार. जॅकेट तुम्हाला तरंगतं ठेवतं, पण घाबरणं थांबवत नाही. आधी तलावात किंवा विहिरीवर जा. कपड्यांसकट दोनशे मीटर पोहता आलं पाहिजे, दहा मिनिटं नुसतं तरंगता आलं पाहिजे आणि डोकं पाण्याखाली गेल्यावर श्वास रोखून शांत राहता आलं पाहिजे. हे आकडे कुठल्या नियमातले नाहीत. आमच्या बोटीत बसायची ही आमची अट आहे आणि ती आम्ही कुणासाठीही सैल केलेली नाही. जॅकेट कुठलं घ्यायचं, ते प्रश्न १४ मध्ये.

४. उजनीवर बोट चालवायला परवानगी लागते का? तिथं धोका तो काय, पाणी तर संथ असतं.

लागते. जलाशय जलसंपदा विभागाचा आहे. बोटीची नोंदणी आणि तपासणी वेगळी. देशातल्या आतल्या पाण्यांवरच्या बोटींना २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा लागू आहे. ओळखीच्या माणसाला सांगून बोट उतरवली, असलं काही करू नका. कागद हातात असू द्या.

धोक्याबद्दल जरा सविस्तर लिहितो. उजनी संथ आहे हा समज फार महागात पडतो. मे २०२४ मध्ये कुगाव ते कळाशी जाणारी प्रवासी बोट अचानक सुटलेल्या वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. बाजूला वाऱ्याला अडवायला काही नाही आणि पाण्याचा पसारा मोठा, त्यामुळं लाटा आखूड आणि उभ्या उठतात. समुद्राची लांब लाट बोटीला उचलून खाली ठेवते, उजनीची लाट एकामागून एक ठोसे देते. उन्हाळ्यात दुपारनंतर ढग दाटायला लागले की बोट काढून घ्यायची, इंजिन कितीही चांगलं असलं तरी.

दुसरा धोका पाण्याखाली आहे. धरणात गावं बुडाली आहेत. उजनी मायनसमध्ये गेली, म्हणजे पाणी मृतसाठ्याच्याही खाली उतरलं, की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, हे आपण दरवर्षी बातम्यांत बघतो. पण वर न आलेल्या भिंती, बाभळीची खोडं, शेतकऱ्यांच्या मोटारींचे पाइप आणि केबली, मच्छीमारांची जाळी हे सगळं पाण्याच्या फूट-दोन फूट खाली असतं आणि पातळी उतरेल तशी त्याची जागा बदलते. म्हणून जिथं वेग घ्यायचा, तो पट्टा आधी वल्ह्यानं किंवा अगदी सावकाश फिरून खोली मोजून घ्या. पातळी बदलली की पुन्हा मोजा. जाळी कुठं टाकली आहेत ते काठावरच्या मच्छीमारालाच विचारा, त्याच्याइतकं ते कुणाला माहीत नसतं. जाळं तोडलं तर भरपाई द्या, त्याचं घर त्यावर चालतं.

आणि भिगवणच्या बाजूला रोहित पक्षी उतरलेले असतात तेव्हा तिकडं फिरकायचं नाही.

५. मग हिप्परगा तलाव किंवा कंबर तलाव? तो तर घराजवळ आहे.

नाही. कंबर तलाव छोटा आहे आणि काठावर माणसं असतात. हिप्परग्याचं आणि उजनीचंही पाणी शहराला प्यायला येतं. म्हणूनच उजनीतसुद्धा जुनं टू-स्ट्रोक इंजिन वापरू नका, त्याच्या धुरासोबत न जळलेलं ऑइल पाण्यात जातं. फोर-स्ट्रोकच हवं.

६. कोर्स कुठला करायचा? प्रमाणपत्राशिवाय शर्यतीत घेतात का?

पॉवरबोट चालवण्याचा मूळ कोर्स करा. ब्रिटनच्या आरवायए संस्थेचा ‘पॉवरबोट लेव्हल टू’ हा दोन दिवसांचा कोर्स जगभर ओळखला जातो आणि तो शिकवणारी केंद्रं मुंबईत आहेत. गोव्यात केंद्र सरकारची राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे. तिथं पॉवरबोट हाताळण्याचे आणि जीवरक्षणाचे अभ्यासक्रम चालतात. माझा सल्ला असा, की जीवरक्षणाचा आधी करा. पहिल्या दिवशी कंटाळा येईल, पण चौथ्या दिवशी तुम्ही पाण्याकडं वेगळ्या नजरेनं बघायला लागाल.

हा कोर्स म्हणजे शर्यतीचा परवाना नव्हे. शर्यतीचा परवाना त्या-त्या देशाची राष्ट्रीय संस्था देते आणि त्यासाठी वैद्यकीय तपासणी लागते, बंद कॉकपिटची बोट असेल तर पाण्याखालची चाचणीही (प्रश्न १३).

वायरलेसचा कोर्सही सोडू नका. समुद्रात संकटाची हाक व्हीएचएफ वायरलेसच्या चॅनेल १६ वर द्यायची असते. भारतीय तटरक्षक दलाचा फोन क्रमांक १५५४. हा आत्ताच मोबाइलमध्ये घालून ठेवा.

७. किल कॉर्ड म्हणजे ती लाल दोरी ना? आमच्याकडं कुणीच लावत नाही.

तीच. एक टोक इंजिनाच्या स्विचला, दुसरं चालवणाऱ्याच्या मांडीला किंवा जॅकेटला. माणूस जागेवरून फेकला गेला की दोरी सुटते आणि इंजिन बंद पडतं.

मे २०१३ मध्ये इंग्लंडच्या पॅडस्टोजवळ एक कुटुंब सुट्टीत बोटीतून फिरत होतं. एका वळणावर सगळेच्या सगळे पाण्यात फेकले गेले. दोरी कुणालाच लावलेली नव्हती. रिकामी बोट इंजिन चालू असताना त्यांच्याभोवती गोल फिरत राहिली. वडील आणि आठ वर्षांची मुलगी दगावली. शर्यत नव्हती, वादळ नव्हतं. मी नव्या माणसाला पहिल्यांदा ही गोष्ट सांगतो आणि मगच बोटीची किल्ली दाखवतो. मनगटाला दोरी बांधू नका, स्टिअरिंगमध्ये अडकते. आणि दर वेळी इंजिन सुरू झाल्यावर एकदा दोरी ओढून ते खरंच बंद पडतं का, ते बघा.

८. एका बोटीत दोघं कशाला? मी एकटाच चालवीन.

बऱ्याच ऑफशोअर वर्गांत दोघं लागतात. एक स्टिअरिंगवर, दुसरा थ्रॉटलवर, म्हणजे गॅसच्या दांड्यावर. नवख्याला थ्रॉटलचं काम दुय्यम वाटतं, खरी कसोटी मात्र तिथंच आहे.

बोट लाटेवरून हवेत गेली की पाण्याबाहेर आलेला पंखा (प्रोपेलर) मोकळा फिरतो, इंजिन किंचाळायला लागतं. तसंच पाण्यात परत आपटलं तर सगळा झटका गिअरवर येतो आणि दात तुटतात. म्हणून थ्रॉटलवाला बोट पाणी सोडते त्या क्षणी गॅस कमी करतो आणि टेकायच्या बेताला पुन्हा देतो. हे मिनिटाला वीस-तीस वेळा, सबंध शर्यतभर. डोळ्यांनी बघून हे जमत नाही, मांड्यांना आणि कमरेला बोट सुटल्याचं कळावं लागतं. स्टिअरिंगवाल्याची नजर वळणाच्या बोयावर (वळायची जागा दाखवणाऱ्या तरंगत्या खुणेवर) असते, लाट वाचायची ती थ्रॉटलवाल्यानं. म्हणून जोडीदार निवडताना त्याच्या हातातल्या वेगापेक्षा त्याच्याशी न बोलता तुमचं किती जमतं ते बघा. आमच्यातली सगळ्यात चांगली जोडी एमआयडीसीत एकाच मशीनवर आलटून-पालटून पाळ्या करणाऱ्या दोघांची आहे.

९. पहिली बोट कुठली घ्यावी? खर्च किती?

पहिल्या वर्षी बोट घेऊ नका. हे मी अगदी मनापासून सांगतोय, कारण कर्ज काढून घेतलेली बोट ताडपत्रीखाली पडून राहिलेली मी पाहिली आहे. आधी स्वतःचं हेल्मेट आणि जॅकेट घ्या, मग दुसऱ्याच्या बोटीत बसा.

घ्यायचीच झाली तर सगळ्यात स्वस्त दार म्हणजे थंडरकॅट. दक्षिण आफ्रिकेतून आलेली ही हवेनं फुगवायची जोडतळी बोट, चार मीटरच्या आसपास लांब, मागं ५० हॉर्सपॉवरचं इंजिन, दोन माणसं. लाटांत पडून-उठून शिकायला याहून चांगली शाळा नाही. त्याच्या वरचा टप्पा पीवन सुपरस्टॉक या शर्यतमालिकेसारखा: २८ फुटी एकसारख्या बोटी, प्रत्येकीला २५० हॉर्सपॉवरचं एक इंजिन. सगळ्यांचं यंत्र सारखं, त्यामुळं फरक माणसांनी पडतो.

खर्चाचं एक गणित देतो, बाकी त्यावरून ओळखा. १०० हॉर्सपॉवरचं पेट्रोल इंजिन पूर्ण थ्रॉटलला तासाला ३५ ते ४० लिटर पितं. पेट्रोल शंभराच्या वर आहे, म्हणजे एका तासाला चार हजार रुपये गेले. २५० चं इंजिन घेतलं तर त्याच्या अडीचपट. पंखा एकदा दगडाला लागला की वेगळा खर्च. पाच जणांत वाटून घेतलं तरच हौशी माणसाला हे झेपतं.

१०. भारतात अशा शर्यती होतात का?

झाल्या आहेत. मार्च २०१७ मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हसमोर पीवनच्या बोटी पळाल्या. रॅलीतला गौरव गिल आणि मोटरसायकलवरचा सी. एस. संतोष तेव्हा पाण्यावर उतरले होते. नोव्हेंबर २०१८ मध्ये अमरावतीला कृष्णेवर फॉर्म्युला वन पॉवरबोटची शर्यत झाली, पण ती सर्किटची.

हौशी लोकांसाठी वर्षभर चालणारी नियमित ऑफशोअर मालिका आपल्याकडं आज नाही. त्यामुळं शिकायचं इथं आणि उतरायचं बाहेर, असा मार्ग आहे. दुबई जवळ पडतं, तिथं पॉवरबोट शर्यतींची जुनी परंपरा आहे. सोलापूर भागातली बरीच माणसं आखातात कामाला आहेत. कुणी नातेवाईक असेल तर आधी जाऊन काठावर उभं राहून दोन शर्यती नुसत्या बघा, पिटमध्ये, म्हणजे बोटी तयार करतात तिथं, हात द्यायला तयार राहा. माझं पहिलं पाऊल तसंच पडलं.

११. मुंबईत ओळखीच्याची बोट आहे. बंदरात वेग मारून सराव केला तर?

करू नका. मुंबई बंदरात मालवाहू जहाजं, घारापुरीच्या आणि मांडव्याच्या प्रवासी बोटी, कोळ्यांच्या होड्या, नौदल, सगळं एकाच पाण्यात असतं. १८ डिसेंबर २०२४ ला इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची वेगवान बोट ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली आणि त्यात दहाहून जास्त माणसं गेली. तिथं अनुभवी तांडेलाबरोबर (बोट चालवणाऱ्या प्रमुखाबरोबर) सावकाश फिरा, भरतीची ओढ आणि जहाजाच्या मागची लाट समजून घ्या. तेवढंही पुष्कळ आहे. जहाजाची लाट किरकोळ समजू नका. फॉर्म्युला वन मोटारींचे माजी ड्रायव्हर दिदिए पिरोनी १९८७ मध्ये वाइट बेटाजवळच्या शर्यतीत गेले, ते एका टँकरच्या मागच्या लाटेवर बोट उसळून.

१२. वेगात बोट पुढं-मागं डोलते किंवा डावी-उजवीकडं झुलायला लागते. काय करायचं?

दोन्ही वेगळे आजार आहेत. पुढं-मागं डोलत असेल तर इंजिनाचा ट्रिम, म्हणजे त्याचा कल, जास्त वर गेलाय. नाक उचललं की पाण्याला टेकणारा तळ कमी होतो आणि वेग वाढतो, म्हणून सगळे ट्रिम वर करत जातात आणि एका हद्दीनंतर बोट डोलायला लागते. थोडा खाली घ्या, थांबेल.

डावी-उजवीकडं झुलणं जास्त धोक्याचं. व्ही तळाची बोट वेगात फक्त मागच्या टोकावर तोललेली असते आणि एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर पडायला लागते. इथं घाबरून स्टिअरिंग उलटसुलट फिरवलं किंवा गॅस एकदम सोडला तर बोट नाक खुपसून फिरते. गॅस हळूहळू कमी करा, स्टिअरिंग धरून ठेवा. मुरमाच्या रस्त्यावर मोटरसायकल घसरायला लागल्यावर पुढचा ब्रेक दाबत नाही ना, तसंच.

१३. बोट उलटली तर बाहेर येतात कसे? ती पाण्याखालची चाचणी काय असते?

३ ऑक्टोबर १९९० ला मोनॅकोसमोर जगज्जेतेपद राखायला उतरलेले स्टेफानो कासिरागी बोट उलटून गेले. त्यानंतर बंद, मजबूत कॉकपिट आणि सीटच्या पट्ट्यांचे नियम कडक झाले. माणूस आता बाहेर फेकला जात नाही, पण उलट्या बोटीत पाण्याखाली पट्ट्यांनी बांधलेला राहतो. म्हणून ही चाचणी.

पोहण्याच्या तलावात एका पिंजऱ्यात हेल्मेटसकट बांधून बसवतात आणि पिंजरा उलटा करतात. नाकात पाणी जातं, वर-खाली काही कळत नाही. पहिल्या वेळी माझा हात पट्ट्याचं बक्कल शोधत कमरेच्या बाजूला गेला, कारण गाडीत ते तिथं असतं. इथं ते पोटावर, मधोमध असतं. ते सापडेपर्यंतचे चार-पाच सेकंद मला अजून आठवतात. शिकवणारे सांगतात तो क्रम पाठ करा: एका हातानं बाहेरची वाट धरून ठेवायची, हालचाल पूर्ण थांबेपर्यंत थांबायचं, वाट मोकळी करायची आणि सगळ्यात शेवटी पट्टा सोडायचा. आधी पट्टा सोडला तर माणूस तरंगून भलत्या कोपऱ्यात जातो. घरी खुर्चीत डोळे मिटून हाच क्रम रोज करा.

१४. पाण्यात पडल्यावर आपोआप फुगणारं जॅकेट मिळतं, हलकं असतं. ते घेऊ का?

फिरायच्या बोटीत ठीक. शर्यतीत नको. वेगात पाण्यावर आपटल्यावर ते फाटू शकतं. बंद कॉकपिटमध्ये तर फुगलेलं जॅकेट तुम्हाला उलट्या बोटीच्या तळाशी दाबून धरेल आणि बाहेर पडता येणार नाही. शर्यतीसाठी फोमचं, मानेला आधार देणारं जॅकेट येतं, ते घ्या. हेल्मेट भडक रंगाचं असू द्या, लाटांत फक्त तेच दिसतं.

१५. बोट लागते, उलट्या होतात. मग हे सोडून द्यावं?

नको. बहुतेकांचा त्रास चार-पाच फेऱ्यांनंतर कमी होतो. आदल्या रात्री तेलकट खाऊ नका, उपाशीही जाऊ नका. शेंगा चटणी आणि मऊ भाकरी आम्हाला मानवते. नजर क्षितिजावर ठेवा, मोबाइलमध्ये अजिबात नको. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून आणि निघायच्या आधी. पण झोप आणणारी गोळी घेऊन थ्रॉटलला हात लावायचा नाही.

१६. पाठीचं दुखणं, शुगर, चष्मा असेल तर?

चष्मा पट्ट्यानं बांधता येतो. इन्सुलिनवर असाल किंवा कधी फिट आली असेल तर ते तपासणीत लपवू नका. तुमच्या शेजारी दुसऱ्याचा जीव बसलेला असतो. पाठीचं मात्र गंभीरपणे घ्या. लाटेवरून पडताना ताठ बसलात तर मणक्याला फ्रॅक्चरसुद्धा होतं. बसायची जागा तशी असेल तर गुडघे वाकवून अर्धवट उभं राहायचं, धक्का मांड्यांनी घ्यायचा. मणक्यातली गादी पूर्वी सरकली असेल तर किनाऱ्यावरून संघाचं काम करा. रेडिओ आणि वेळेची नोंद सांभाळणारा माणूस प्रत्येक संघाला लागतो.

१७. मुलींना येता येतं का? वय किती लागतं?

येतं, आणि वेगळा गटही नसतो. अमेरिकेच्या बेटी कुक यांनी १९७७ मध्ये पुरुषांना हरवून ऑफशोअरचं जागतिक विजेतेपद मिळवलं होतं. शाळकरी मुलांसाठी यूआयएमचा जीटी१५ हा १५ हॉर्सपॉवरच्या छोट्या बोटींचा वर्ग आहे. वरच्या वयाचं बंधन तपासणी ठरवते. ज्या आजीचा सुरुवातीला उल्लेख केला, त्यांची नात आता आमच्याबरोबर थ्रॉटल शिकते.

१८. शर्यतीत पुढं असताना बाजूची बोट उलटली. थांबायचं की जायचं?

थांबायचं. बचाव बोट तिथं पोचलेली नसेल तर मदत करणं स्पर्धकावर बंधनकारक आहे, तो समुद्राचाच कायदा आहे. इंजिन न्यूट्रलला टाकून, पंखा पाण्यातल्या माणसापासून लांब ठेवून जवळ जा. लाल झेंडा म्हणजे शर्यत थांबली, पिवळा म्हणजे धोका. सुरुवातीलाही पिवळा असतो: सगळ्या बोटी स्टार्ट बोटीच्या बरोबरीनं रांगेत चालतात आणि हिरवा झेंडा पडला की सुटतात.

१९. पावसाळ्यात सगळं बंद असतं. तेव्हा काय करायचं?

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, गेटवेच्या छोट्या बोटीही उभ्या असतात. आपणही समुद्राकडं जायचं नाही. इंजिन समुद्रातून आलेलं असेल तर गोड्या पाण्यानं धुऊन घ्या, गिअरचं ऑइल काढून बघा. ते दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय, सील बदलावं लागेल. पंखा काढा, त्याच्या शाफ्टला गुंडाळलेली जाळ्याची नायलॉन दोरी हमखास सापडते. तीच सील कापते. मग समुद्राचा नकाशा टेबलावर पसरून मुंबई ते अलिबाग मार्ग काढायला बसा: एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर, इतक्या अंतराला किती वेळ, किती पेट्रोल, त्या वेळी भरती कुठं. सप्टेंबरात पहिल्या फेरीला हाच कागद बरोबर न्यायचा असतो.